नेट चालू, पण नावं सापडेनात

लॅपटॉप अपडेट होतो, रीस्टार्ट होतो, कोपऱ्यात वायफायची खूण नेहमीसारखी दिसते. ब्राउझर मात्र कुठलीच साइट सापडत नाही म्हणतो. मग राउटरची पिन काढून परत लावायची, तरी जमलं नाही की नेटवाल्याला फोन. उबुंटू १६.०४ वरून १८.०४ वर गेलो तेव्हा मीही अर्धा दिवस हेच केलं. राउटर बिचारा ठणठणीत होता. दोष माझ्याच मशीनमधल्या एका ओळीत होता.

‘नेट बंद पडलंय’

हे आधी तपासावं आणि तपासायला दहा सेकंद लागतात. टर्मिनल उघडून ‘पिंग ८.८.८.८’ द्या. उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे. (न आलं, तर नेटवाल्याला खुशाल फोन करा.) आता आकड्यांऐवजी एखाद्या साइटचं नाव देऊन पिंग करा. तिथे अडलं, तर बिघाड नावावरून पत्ता शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. नेटवरची वाहतूक आकडी पत्त्यांवर चालते. नावं आपल्या सोयीसाठी आहेत.

‘अपडेटनं सगळी सेटिंग उडवली’

उडवली नाहीत. पत्ता कोणाला विचारायचा, तेवढं बदललं.

लिनक्समध्ये ही माहिती ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत असते. उबुंटू १६.०४ च्या डेस्कटॉपवर तिथे बहुधा १२७.०.१.१ हा पत्ता दिसायचा. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे आपलंच मशीन. तिथे ‘डीएनएसमास्क’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसलेला असे. तो प्रश्न घेई आणि पुढे राउटरला विचारून उत्तर आणून देई. १८.०४ मध्ये हे काम ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी’कडे गेलं आणि तो बसतो १२७.०.०.५३ वर. शेवटचा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण डीएनएसचा पोर्टही ५३ च.

सरळ अपडेटमध्ये फाइलही बदलते आणि कोणाला काही कळत नाही. पण कधीकाळी कोणी ती फाइल हातानं लिहिलेली असेल, तर जुनी ओळ तशीच राहते. कोपऱ्यावरचा पानवाला दुकान हलवून पलीकडच्या गल्लीत गेला, आणि आपण जुन्या टपरीसमोर उभं राहून पत्ता विचारतोय, अशी ती गत. माझ्या फाइलीत १२७.०.१.१ च होतं, आणि ते मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं.

‘फाइलीत ८.८.८.८ टाका, विषय संपला’

हा सर्वात लोकप्रिय सल्ला. गूगलनं ही सेवा २००९ च्या डिसेंबरात सुरू केली आणि तेव्हापासून तो आकडा रामबाण म्हणून फिरतोय. तात्पुरता गुण येतो हे खरं. पण ही फाइल बहुधा खरी फाइल नसतेच. ती ‘रन’ फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी खूण असते आणि ती दुसरी फाइल यंत्रणा स्वतः लिहीत असते. तिथे लिहिलेलं पुढच्या रीस्टार्टला पुसलं जाणारच. यावर काही उत्साही मंडळी फाइलीला कुलूप लावतात, कोणालाच बदलता येऊ नये असं. मग ऑफिसचा व्हीपीएन जोडला की त्याला आपला डीएनएस नोंदवता येत नाही, आणि नवं दुखणं सुरू होतं. मला विचाराल तर कुलूप लावणं म्हणजे पुढच्या बिघाडाची आगाऊ सोय.

कायमचा उपाय साधा आहे: ती खूण पुन्हा ‘रन’ फोल्डरमधल्या ‘सिस्टिमडी’, त्यातल्या ‘रिझॉल्व्ह’ आणि त्यातल्या ‘स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’कडे वळवायची, आणि सर्व्हर बदलायचाच असेल तर तो नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बदलायचा.

‘दुसरा सर्व्हर म्हणजे स्टेपनी’

यादीत पहिला ऑफिसचा सर्व्हर, दुसरा ८.८.८.८. समजूत अशी, की पहिल्याला माहीत नसेल तर दुसरा सांगेल. तसं होत नाही. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हेही डीएनएसच्या दृष्टीनं पूर्ण उत्तर आहे. ते मिळालं की शोध थांबतो. दुसऱ्याकडे प्रश्न जातो तो पहिला गप्प राहिला तर. यादी थेट रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये असते त्या जुन्या पद्धतीत प्रत्येक वेळी आधी पहिल्यालाच विचारलं जाई आणि तो बंद असेल तर सहसा ५ सेकंद थांबून प्रश्न पुढे जाई. ‘नेट स्लो झालंय’ या तक्रारीमागे कित्येकदा हे ५ सेकंद असतात. रिझॉल्व्हडीचं वागणं वेगळं: पहिला एकदा गप्प राहिला की तो दुसऱ्याकडे वळतो आणि तिथेच राहतो. दुसरा जर ८.८.८.८ असेल, तर ऑफिसच्या आतली नावं त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. सकाळी सापडणारा फाइल सर्व्हर दुपारी गायब होतो आणि खापर अपडेटवर फुटतं. त्यातही नुसतं ‘सर्व्हर’ असं बिनटिंबाचं नाव वापरत असाल, तर शोधाचं डोमेन नेमून दिलेलं नसताना रिझॉल्व्हडी ते डीएनएसला विचारतच नाही.

‘होस्ट्स फाइलीत पत्ता लिहून टाका’

होस्ट्स फाइल म्हणजे मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी. तिथे लिहिलेलं चालतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. एकेकाळी सगळं असंच चाले. अमेरिकेतल्या अर्पानेट या जुन्या नेटवर्कवर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक यादी ठेवली जाई आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. मशीन वाढली, यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. होस्ट्स फाइलीत ओळ लिहिणं म्हणजे त्या एका नावापुरतं १९८३ च्या मागे जाणं. सहा महिन्यांनी सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि तोवर ती ओळ लिहिल्याचं आपण विसरलेलो असतो.

‘डिगला उत्तर येतंय, म्हणजे डीएनएस ठीक’

टर्मिनलमधली ‘डिग’ ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाइल वगैरे पाहतच नाही. बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेनं जातात ती तपासायची तर ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे नाव, असं द्यावं. दोन उत्तरं वेगळी आली, तर गडबड मशीनच्या आत असू शकते. ब्राउझरवर तर याबाबतीत विसंबूच नका; काही ब्राउझर स्वतःचा वेगळा डीएनएस वापरतात.

एक विनंती. पुढचं मोठं अपडेट करण्याआधी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडा, ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ चालवा आणि दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नावं सापडेनाशी झाली, की त्या लॅपटॉपवर उपायही शोधता येत नाही.