काळ्या रानातल्या वास्तू

गावचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी वाड्यात शिरतो, तिथून देवळात जातो, घाटाचे वर्णन करतो आणि लेखणी खाली ठेवतो. कृष्णाकाठच्या गावांवर आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक असेच आहे. शेतकऱ्यांच्या गावाची मोठी वास्तू पांढरीत, म्हणजे वस्तीत, नसते, काळ्या रानात असते. विहीर, तिची धाव, थारोळे, पाट आणि धान्याचे पेव. हे मी कितीतरी दिवाळी अंकांतून मांडले, सभांतून बोललो, आणि अजून तेच सांगणार आहे.

वाईजवळच्या मेणवलीवर मी फार थांबत नाही, कारण तिथे थांबणारे पुष्कळ आहेत. नाना फडणीसांना 1768 साली गाव इनाम मिळाले, त्यांनी सहा चौकांचा वाडा आणि घाट बांधला, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली, 1707 साल कोरलेली घंटा मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगली गेली. पुढे हिंदी चित्रपटवाले आले. आता घाटावर येणारी मंडळी ‘इथे कुठले शूटिंग झाले’ एवढेच विचारतात. नदीचे पाणी उतरले की घाटाच्या पायऱ्या किती खोल जातात, पुराच्या लोंढ्याला तोंड देण्यासाठी त्या कशा बसवल्या आहेत, हे बघायला कोणी वाकत नाही.

चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याचे किकली हे गाव मात्र मनात घर करून राहिलेले आहे. भैरवनाथाचे जुने देऊळ आणि आवारात मांडलेले वीरगळ. यादवकाळातले काहीही दिसले की ‘हेमाडपंती’ असा शिक्का मारून मोकळे व्हायची आपल्याकडे सवय आहे, आणि तो शिक्का मारला की देवळाकडे पुन्हा बघावे लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी वीरगळांवर खालच्या थरात गुरे कोरलेली आढळतात. तो वीर राज्यासाठी नाही, गावची गुरे सोडवताना पडला. शेतीच्या गावाने आपल्या माणसाची आठवण दगडात ठेवली ती अशी, आणि राजघराण्यांच्या वंशावळी घोकणाऱ्यांना ती दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता साताऱ्याजवळच्या लिंबला येऊ. महामार्गावरून लिंब फाट्याला वळले की उसाच्या रानातून रस्ता जातो. बारा मोटांची विहीर शेतातच आहे. ती असायला हवी तिथेच आहे. शिलालेख सांगतो की शाहू महाराजांच्या परिवारातील विरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधवली. म्हणजे सातारची गादी स्थिर होत होती, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले होते, पहिला बाजीराव नुकताच पेशवा झाला होता. आणि त्याच पाच वर्षांत एक बाई शेताच्या पाण्यासाठी गवंडी, पाथरवट कामाला लावून बसली होती. मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या पाच वर्षांना पानेच्या पाने मिळतात, विरूबाईंच्या विहिरीला एक ओळही मिळत नाही.

विहिरीची खोली 110 फूट आणि व्यास 50 फूट सांगतात. पायऱ्या उतरून आत गेले की कमानीखालून महालात शिरायचे. मोठी अष्टकोनी विहीर एका बाजूला, लहान आयताकृती विहीर दुसऱ्या बाजूला आणि दोन्हींच्या मधोमध हा महाल. खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेले. भिंतीवर शरभ आहेत. वैशाखात बाहेर रान तापलेले असताना महालात अंगावर गार हवा येते. आजच्या पाहुण्यांचे सगळे लक्ष इथेच खिळते. महाराज इथे मसलतीला बसत, वर आसन होते, हे गाववाले हौसेने सांगतात आणि पाहुणे तेवढे टिपून घेतात. कोणी वरून शिवलिंगाचा आकार दाखवतात आणि विहिरीला देवस्थानच करून टाकतात. या मंडळींशी माझे कायमचे भांडण आहे. विहिरीचे नाव महालावरून पडलेले नाही, मोटांवरून पडले आहे. लोकांना ती कशासाठी आहे ते पक्के ठाऊक होते.

म्हणून लिंबला गेलात तर आधी महालात उतरू नका. वर काठावर उभे राहा. मोटा बसवायच्या जागा बघा, पाणी कुठे पडायचे आणि कुठे वाहायचे ते बघा. मोटेला, म्हणजे पाणी ओढायच्या कातडी पिशवीला, दोन दोर असतात: जाड नाडा मोटेचे तोंड ओढतो, बारीक सोंदूर तिची सोंड. विहिरीतून वर येताना सोंड दुमडून उभी राहते, त्यामुळे थेंब सांडत नाही. काठाला आली की सोंदूर तिला थारोळ्यात खेचतो आणि कातड्याच्या पोटातले पाणी धो धो रिकामे होते. या दोन दोरांच्या लांबीचा मेळ मोटकऱ्याच्या हातात होता. बैल धावेच्या उतारावरून जाताना तो नाड्यावर बसायचा आणि त्याच्या वजनाने बैलांना बळ मिळायचे. बारा मोटा एकदम चालायच्या म्हणजे निदान बारा बैलजोड्या आणि बारा मोटकरी, शिवाय पाटावर दारे धरणारे गडी. चाकांचा करकराट आणि मोटेवरची गाणी अख्ख्या शिवारात ऐकू जात असणार.

हे पाणी 3300 झाडांच्या आमराईसाठी होते असे सांगतात. आमराई असेल, पण आंब्याचे झाड एकदा मुळावर आले की त्याला पाणी किती लागते? बारा मोटांची विहीर कोणी नुसत्या आंब्यासाठी बांधत नाही. तिच्याखाली मळे होते, बागायत होती, असे माझे ठाम मत आहे. जुन्या मळ्यांची नावे आणि पाटांच्या दिशा जुळवून ते भिजक्षेत्र नकाशावर आणता येईल. महालाच्या छायाचित्रांचे अल्बम निघाले, हा नकाशा कोणी काढलेला नाही.

तशीच गोष्ट कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगलीजवळच्या हरिपूरची. हरिपूर म्हटले की नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव आणि कृष्णा-वारणेचा संगम, एवढे सांगून लोक निघून जातात. देवलांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण हरिपूरच्या जमिनीखाली हळद साठवायची पेवे होती, आणि सांगलीच्या हळदीच्या बाजाराला त्यांचा मोठा आधार होता. तोंड माणूस उतरेल एवढे अरुंद, आत पोट मोठे. तोंड बंद करून लिंपले की आत हवा शिरत नाही, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षे राहते. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघायचे, तो विझला तर थांबायचे. 2005 च्या महापुराने त्यातली बहुतेक पेवे गेली. देऊळ पडले असते तर वर्गणी निघाली असती, जीर्णोद्धार झाला असता. पेवे गेली ती गेली.

विहिरींचे मरण हळूहळू झाले. इंजिन आले, मग मोटर आली, बाहत्तरच्या दुष्काळानंतर बोअर खणण्याची घाई झाली, धोम धरणाचे पाणी कालव्याने आले. पाणी आले याचे दुःख करायचे कारण नाही. उसाने या भागातली पोरे शिकली. दुःख याचे की मोट थांबली त्या दिवसापासून विहिरीचा धनी कोणी राहिला नाही. थारोळ्याचे दगड उचलून जोत्याला लावले, धावेवर नांगर फिरला, पोटात कचरा गेला. अलीकडे तरुण मुले बारवा साफ करतात, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावतात, त्यांचे मला कौतुक वाटते. परंतु ती मुले जातात कोरीव बारवांकडे. बिननक्षीच्या मळ्यातल्या विहिरीला दिवा मिळत नाही.

तिचा कागद मात्र शिल्लक आहे. जुनी वाटणीपत्रे काढून बघा: चार आणे हिस्सा, दोन आणे हिस्सा, पाण्याची पाळी किती दिवसांची, हे सारे त्यांत लिहिलेले असते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीतला हिस्सा नोंदलेला सापडतो. भावकी कधी फुटली, कोण परागंदा झाले, कोणाची जमीन सावकाराकडे गेली, हे त्या आण्यांवरून कळते. आणि विहीर बुजली असली तरी धाव उरली असेल तर तिची लांबी मोजा. बैलांना मोट पाण्यापासून काठापर्यंत ओढायची असल्याने धाव साधारण तितकीच लांब ठेवत. पाणी किती खाली होते याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. ग्रामपंचायतीने एक वही घालावी, गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून विहिरीचे नाव, मोटा किती, हिस्सेदार कोण आणि धावेची लांबी, एवढे लिहून घ्यावे. मोट हाकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम याच हिवाळ्यात सुरू व्हायला हवे.