ल्युबेक : सैतान, बदाम आणि शनिवार

हॅम्बुर्गमध्ये शिकणाऱ्या पोरांचं शनिवारचं अर्थशास्त्र अगदी सरळ आहे. आठवडाभर मेन्साचं, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीचं जेवण किंवा खोलीवरचा राजमा-भात आणि सुट्टीच्या दिवशी एक चैन. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर जर्मनीभरच्या साध्या गाड्या चालतात, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. त्यामुळे प्रवास जवळजवळ फुकटात पडतो आणि पैसे उरतात ते खाण्याला. माझी भाची तिथे एमएस करते. मे महिन्यात तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, म्युझियमं तू एकटी बघ. शनिवारी मी तुला ल्युबेकला नेते.’ दुमजली गाडीने पाऊण तासात आम्ही तिथे होतो.

ल्युबेक म्हटलं की होल्स्टनटोर. लाल विटांचा, दोन टोकदार बुरुजांचा हा दरवाजा 1464 ते 1478 या काळात बांधला गेला. पुढे पन्नास मार्कांच्या नोटेवर झळकल्याने तो घराघरात पोचला. जमीन दलदलीची असल्याने बुरुज खचून कलले आहेत आणि ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. 1863मध्ये हा दरवाजा पाडायचा की दुरुस्त करायचा, यावर नगरसभेत मतदान झालं आणि तो अवघ्या एका मताने वाचला. हान्सा व्यापारी संघाची राणी, 1987पासून जागतिक वारसा, थॉमस मान आणि विली ब्रांट या दोन नोबेलविजेत्यांचं जन्मगाव वगैरे माहिती कुठल्याही पुस्तिकेत मिळेल. माझं मन रमलं ते सेंट मेरी चर्चच्या बाहेर, एका सैतानापाशी.

चर्चच्या भिंतीला लागून एक मोठा दगड आहे आणि त्यावर शिंगं असलेला काशाचा छोटा सैतान बसला आहे. मिश्कील चेहऱ्याचा, भीती वाटावी असं काही नसलेला. पुतळा अलीकडचा, गोष्ट मात्र जुनी. चर्चचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा सैतानाला वाटलं, इथे दारूचा गुत्ता निघतोय. गुत्त्यातून थेट आपल्याकडे येणारी गिऱ्हाइकं त्याला ठाऊक होती. खूश होऊन तो स्वतःच कामाला लागला. विटा वाहिल्या, भिंती चढवल्या आणि बांधकाम भराभर वर गेलं. एक दिवस त्याच्या लक्षात आलं की हे तर देवाचं घर! संतापून त्याने हा दगड उचलला आणि झालेलं सगळं चेचायला निघाला. तेवढ्यात एक धीट कारागीर ओरडला, ‘अहो थांबा, हे राहू द्या! तुमच्यासाठी शेजारीच दारूचं घर बांधतो.’ सैतानाला सौदा पटला. त्याने दगड तिथेच टाकला. शब्द दिल्याप्रमाणे नगरभवनाखाली दारूचं तळघर झालं. दगडावरच्या खुणा सैतानाच्या नखांच्या आहेत, असं सांगतात.

मला ही गोष्ट फार आवडली. व्यापाऱ्यांच्या गावातली दंतकथाही व्यापारी निघावी! सैतानाला इथे कुणी मंत्राने पळवलं नाही, तपाने जिंकलं नाही. बाजू पाहून तडजोड केली. पर्यटकांच्या हातांनी सैतान घासून चकचकीत झाला आहे. फोटोसाठी रांग लागलेली. आमच्या पुढच्या कुटुंबाने तर त्याच्या मांडीवर बाळच ठेवलं.

आत गेल्यावर सूर बदलतो. विटांची कमान साडेअडतीस मीटर उंच. विटांच्या बांधकामात जगात याहून उंच कमान नाही. दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी फुटलेल्या घंटा पडून आहेत. मार्च 1942मध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले, मनोरा पेटला आणि घंटा खाली कोसळल्या. त्या पुन्हा ओतल्या नाहीत, हलवल्याही नाहीत; पडल्या तिथेच ठेवल्या. तिथे देखरेख करणाऱ्या आजोबांशी भाची तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलली. शाळेच्या सहलींबद्दल ते म्हणाले, ‘मुलं सैतानापाशी दंगा करतात, इथे आली की आपोआप गप्प होतात.’ मग त्यांनी आम्हाला बाखची गोष्ट सांगितली. 1705मध्ये वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाटहून जवळपास चारशे किलोमीटर चालत इथे आला, बुक्स्टेहूडं या वादकाला ऐकायला. चार आठवड्यांची रजा घेतली होती, राहिला चार महिन्यांच्या आसपास. परतल्यावर वरिष्ठांनी खडसावलं. ‘माझा गाइड असाच खडसावेल,’ भाची म्हणाली.

आता चैन. नगरभवनासमोर निडेरेगरचं दुकान आहे, 1806पासूनचं. ल्युबेकची ख्याती मार्झिपानची, म्हणजे बदाम आणि साखर एकत्र वाटून केलेल्या मिठाईची. नुसतं बदामाचं नाव घेऊन भागत नाही. ‘ल्युबेकर मार्झिपान’ म्हणायला किमान सत्तर टक्के कच्चा बदामी लगदा लागतो आणि वरची साखर तीस टक्क्यांपलीकडे चालत नाही. वरच्या मजल्यावर मार्झिपानचे माणसाएवढे पुतळे आहेत, थॉमस मानचाही. आम्ही मार्झिपानने मढवलेल्या नट केकचे दोन तुकडे मागवले. चव आपल्या काजूकतलीच्या चुलत बहिणीसारखी, पण किंचित कडवट. काजूशी नातं खरंही आहे: पोर्तुगीजांबरोबर मार्झिपान हा पदार्थ गोव्याला पोचला आणि तिथे बदामाची जागा काजूने घेतली. वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत तो ईस्टरच्या अंड्यांच्या साच्यात पडतो. आणि काजूचाच मला जास्त आवडतो, हे त्या दुकानात बसून म्हणायची हिंमत मात्र झाली नाही.

केकचे पैसे भाचीने दिले आणि मला देऊ दिले नाहीत. बिल पाहून ‘दोन दिवसांचा मेन्सा’ असं पुटपुटली.

पुढे गल्ल्यांमधून हिंडलो. इथे घरांखालून बुटक्या बोळकांड्या जातात आणि मागे अंगणात छोटी घरं उघडतात. यांना गँग म्हणतात. शवपेटी निघेल एवढी तरी रुंदी हवी, असा जुना दंडक होता म्हणे. गुलाब, सायकली, वाळत घातलेले कपडे. पण काही दारांवर आता सुट्टीतल्या भाड्याच्या पाट्या लटकल्या आहेत आणि काहींवर ‘कृपया शांतता’. दोन्हींमागचं कारण एकच, आमच्यासारखे लोक. शेजाऱ्यांची जागा चाकाच्या बॅगा घेतात, तेव्हा बोळकांडी वाचते, पण वस्ती जाते. हे महाबळेश्वरला पाहिलंय, गोव्यातही पाहिलंय.

होल्स्टनटोरशेजारी मिठाची जुनी गोदामं आहेत. हे मीठ ल्युनेबुर्गहून यायचं आणि ल्युबेकहून बाल्टिकभर हेरिंग माशांवर पडायचं. शहराच्या श्रीमंतीतला मोठा वाटा त्याचाच. भाचीने तिथेच फोन काढून वेळापत्रक पाहिलं. ल्युनेबुर्गही त्याच तिकिटात बसतं. पुढचा शनिवार ठरला; तिथलं काय खाल्लं पाहिजे, तेवढं तिला मैत्रिणींना विचारायचं होतं.