देखणं चित्र, बांधता येणारं चित्र

समजा, एका गेम स्टुडिओनं काम दिलंय: सतराव्या शतकातलं कोकण, खाडीच्या तोंडाशी असलेली जकात चौकी. चित्रकाराचा हात उत्तम आहे. संध्याकाळचा तांबूस उजेड, ओहोटीत कलंडलेलं गलबत, जांभ्याच्या भिंती आणि उतरत्या छपरावर एकसारखी लाल चपटी कौलं. चित्र बघताच आवडावं असं. तरीही ते परत येतं, कारण ती मंगळुरी कौलं आहेत आणि बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. शिवकाळातल्या चौकीवर गवत हवं, झापं हवीत, फार तर कुंभारानं हातानं घडवलेली नळीची कौलं. ‘एवढं कोण बघतंय?’ हे उत्तर इथं चालत नाही. या एका चित्रावरून पुढे थ्रीडी मॉडेल होणार, त्यावर पोत चढणार आणि तेच छप्पर गावातल्या सगळ्या घरांवर जाणार. चित्रातलं छप्पर बदलायला एक दुपार पुरते. बांधून झालेल्या गावातलं बदलायचं तर निर्मात्याचा फोन येतो.

कन्सेप्ट डिझाइन या व्यवसायाचं मर्म या छपरात आहे. चित्रपट, गेम, अॅनिमेशन, थीम पार्क, मोटारी, जिथं जिथं अजून अस्तित्वात नसलेली गोष्ट अनेकांनी मिळून बनवायची असते, तिथं ती आधी कुणीतरी कागदावर आणावी लागते. हात चांगला असणं ही प्रवेशाची अट झाली. पगार मिळतो तो पुढच्या माणसाचे प्रश्न आधीच सोडवून ठेवण्याचा.

हे परदेशातून आलेलं फॅड समजायचं कारण नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तेव्हा या कामाला नाव नव्हतं. काम मात्र होतं. पात्रं, त्यांचे पोशाख, त्यांच्या हालचाली हे सगळं ते आधी रेखाटून ठेवत. रंगवलेल्या सपाट पडद्यांच्या जागी खोली असलेलं, प्रकाश खेळवता येईल असं नेपथ्य त्यांनी उभं केलं. चित्रकार, सुतारकाम जाणणारा आणि कॅमेरा स्वतः जुळवणारा असा हा माणूस. त्याच्या चित्राला लाकडाची जाडी ठाऊक होती. जवळचं उदाहरण हवं असेल तर ‘तुंबाड’ घ्या. २०१८ साली आलेल्या या चित्रपटासाठी राही अनिल बर्वे यांनी कितीतरी वर्षं आधी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढून ठेवला होता.

अमेरिकेतली दोन नावं या क्षेत्रात सतत घेतली जातात आणि दोघांचीही सुरुवात कारखानदारीच्या आसपास झाली. राल्फ मॅक्वारी बोइंग कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचा. जॉर्ज लुकसनं ‘स्टार वॉर्स’साठी त्याच्याकडून १९७५ च्या सुमारास काही चित्रं करून घेतली आणि ती दाखवून स्टुडिओला पटवलं. पटकथेत खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून जातो. मॅक्वारीला शंका आली: हा तिथं श्वास कसा घेणार? म्हणून त्यानं त्याला श्वासाचा मुखवटा घातला. जगभर ओळखला जाणारा तो चेहरा एका साध्या व्यवहारी शंकेतून आला.

दुसरा सिड मीड, फोर्डच्या स्टायलिंग स्टुडिओत घडलेला. ‘ब्लेड रनर’साठी (१९८२) त्याला बोलावलं होतं ते गाड्या काढायला. त्यानं गाडीबरोबर तिच्या मागचा रस्ताही काढला. ही गाडी कुठल्या गल्लीतून जाते, तिथं पार्किंगचं मीटर कसं असेल, हे ठरल्याशिवाय गाडी तरी कशी ठरणार? दिग्दर्शकानं मग त्याच्याकडून शहरच काढून घेतलं.

आता आपल्या जकात चौकीकडे येऊ आणि काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. पहिला दिवस बहुधा चित्र न काढण्यातच जातो. खेळाडू इथं कुठून येतो, समुद्रातून की डोंगरातून? त्याला लांबून काय ओळखू यायला हवं? कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर की वरून? आत जाता येतं, की नुसता दर्शनी भाग पुरे? ही उत्तरं कला दिग्दर्शकाकडून काढून घ्यावी लागतात. तो आपणहून देईलच असं नाही. मग संदर्भ: विजयदुर्गाचं बांधकाम, जुन्या देवळांची लाकडी तुळई, जांभ्याच्या चिऱ्याची खरी मापं. त्यानंतर काडेपेटीएवढी चिल्लर स्केचेस, एका पानावर डझनभर, फक्त काळा-करडा-पांढरा. धंद्यात त्यांना थंबनेल म्हणतात. एवढ्या लहान चित्रात नक्षी मावतच नाही, त्यामुळे आकारच बोलावा लागतो. डोळे किलकिले केल्यावरही चौकी चौकीसारखी दिसली तर ते थंबनेल जगलं.

त्यातली दोन-तीन निवडली जातात, मोठी होतात, रंग घेतात. बाहेरच्या लोकांना कन्सेप्ट आर्ट म्हणून माहीत असतं ते एवढंच. खरं कष्टाचं पान यानंतर येतं. तीच चौकी समोरून, बाजूनं, वरून. शेजारी मापासाठी उभा केलेला माणूस. दरवाजाची बिजागरी कुठं, अडसर कुठल्या बाजूला सरकतो, भिंत किती जाड, चुना कुठं उडालाय आणि खाली चिरा कसा दिसतो, याच्या टिपा बाणांनिशी. मॉडेल करणारा कदाचित दुसऱ्या शहरात बसलेला असतो. त्यानं फोन न करता काम पूर्ण केलं, तर पान जमलं. माझं मत विचाराल तर नवख्याची पारख या पानावरच होते, आणि नेमकं हेच पान बहुतेकांच्या पोर्टफोलिओत नसतं.

पोर्टफोलिओबद्दल इथंच बोलून घेऊ. शंभर चित्रांचा ढीग कुणी उघडून बघत नाही. दहा-पंधरा कामं पुरतात आणि त्यातलं एक तरी तळापर्यंत गेलेलं असावं: प्रश्न, थंबनेल, टाकून दिलेले पर्याय, अंतिम चित्र, बांधणीचं पान. टाकून दिलेले पर्याय दाखवायला लोक लाजतात. बघणाऱ्याला मात्र त्यातूनच कळतं की हा माणूस निवड करतो. मोबाइल गेम बनवणाऱ्या स्टुडिओकडे नुसते रक्ताळलेले राक्षस पाठवू नयेत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

शिक्षणाचे रस्ते अनेक आहेत. महाराष्ट्रात घराघरांतून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली मुलं सापडतात. त्यातल्या स्मरणचित्राच्या पेपरला कंटाळलेल्यांनी ध्यानात ठेवावं की नोकरीत रोज तोच पेपर असतो. पुढे १८५७ पासूनची जे. जे.ची परंपरा आहे, पुण्याचं अभिनव आहे, कोल्हापूरचं दळवीज आहे. डिझाइनच्या बाजूनं जायचं तर अहमदाबादची एनआयडी (१९६१) आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी (१९६९). आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी बारावीनंतर ‘यूसीड’ आणि पदव्युत्तरला ‘सीड’ द्यावी लागते. ज्यांना यातलं काही जमणार नाही त्यांच्यासाठी ब्लेंडर आणि क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. शरीररचना, परिप्रेक्ष्य आणि प्रकाश हे तीन विषय मात्र कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी चुकत नाहीत.

सराव म्हणून मी गणेश मंडळाचा देखावा सुचवीन. हसू नका. बजेट ठरलेलं, तारीख हलत नाही, मांडवाची उंची मोजून दिलेली, गर्दी एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणार, आणि २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलही हाताशी नाही. तुमचं चित्र घेऊन सुतार समोर उभा राहतो आणि विचारतो, ‘हे उभं कशावर राहणार?’ हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. प्रदर्शनांचे स्टॉल, संग्रहालयं, दागिने, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, खेळणी, सगळीकडे हीच नजर लागते. फक्त हॉलिवूडच्या आशेवर बसणाऱ्यानं ही कामं हलकी समजू नयेत.

एआयचं काय? डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशन या संकेतस्थळावर जगभरच्या चित्रकारांनी निषेधाचे फलक लावून पानंच्या पानं भरून टाकली होती. त्यांची भीती पोकळ नाही. नुसतं वातावरण दाखवणारं सुंदर चित्र आता मिनिटात निघतं आणि केवळ त्यावर पोट भरणं अवघड होत जाईल असं मला वाटतं. पण इंटरनेटवरच्या कोकणाच्या फोटोंत मंगळुरी कौलंच भरलेली आहेत, तेव्हा यंत्रही बहुधा तीच घालणार. समोरून काढलेली चौकी बाजूनंही तीच असावी, हेही त्याच्याकडून हमखास होत नाही.

राहता राहिला पैसा. स्टुडिओतली नोकरी, एकेका प्रकल्पाचा करार किंवा सुटी कामं, असे तीन प्रकार. नोकरीत काढलेल्या कामाचा हक्क, करारात वेगळं काही नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कंपनीकडे जातो. सुट्या कामात सगळं कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून आगाऊ रक्कम, बदलांच्या किती फेऱ्या आणि मूळ फाइल द्यायची की नाही हे आधीच लिहून घ्यावं. ‘थोडंसंच बदला’ याला अंत नसतो. गुप्ततेच्या करारामुळे केलेलं काम वर्ष-दोन वर्षं कुणाला दाखवता येत नाही, तेव्हा पोर्टफोलिओसाठी स्वतःचे प्रकल्प चालू ठेवावे लागतात. आणि प्रदर्शनानंतर ते काम दाखवायची परवानगी असेल, एवढं एक कलम सुरुवातीलाच घालून घ्यावं. सिनेमा लागून गेल्यावर विचारायला जाल, तर त्या ऑफिसात ओळखीचं कुणी उरलेलं नसतं.