तिरुविडैमरुदूरची दीपधारिणी आणि तंजावरच्या भाऊबंदकीची स्मारके

रणात पडलेल्या शिपायाचे स्मारक उभारण्याची चाल मराठी मुलखात जुनी आहे. वीरगळ, म्हणजे वीराच्या नावाने वेशीवर किंवा देवळापुढे उभा केलेला कोरीव दगड, गावोगाव आढळतो आणि तमिळ प्रदेशात त्यालाच नडुकल म्हणतात. मात्र या दोन्ही परंपरांचा वारसा मिळालेल्या तंजावरच्या भोसले घराण्यात जी भाऊबंदकी सव्वाशे वर्षे अधूनमधून पेटत राहिली, तिच्या आज ठळकपणे दिसणाऱ्या खुणा शिपायांच्या नाहीत. त्या राजांच्या, त्यांच्या पाठीराख्यांच्या आणि तिरुविडैमरुदूर येथील एका स्त्रीच्या आहेत.

या भाऊबंदकीतील सर्वांत मोठी प्रत्यक्ष लढाई नोव्हेंबर १६७७ मध्ये वालिकंडपुरम येथे झाली. शहाजीराजांच्या दौलतीच्या वाटणीवरून शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू, तंजावरच्या शाखेचे संस्थापक एकोजी यांच्यात वाद होता. महाराज कर्नाटकातून परतल्यावर त्यांचे दुसरे सावत्र बंधू संताजी भोसले यांच्या फौजेवर एकोजींनी चाल केली. दिवसा एकोजींची सरशी झाली, पण रात्री संताजींनी अचानक छापा घालून तिचा पराभवात शेवट केला. दोन्ही बाजूंना मराठेच मेले. पुढे एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे तह घडून आला आणि महाराजांनी बंगळूर, होसकोटे आदी प्रदेश त्यांना चोळीबांगडीसाठी, म्हणजे स्त्रीच्या खासगी खर्चासाठी, दिले. इतिहासाने या तहाची आठवण लढाईपेक्षा अधिक काळजीपूर्वक जपली, आणि त्यात वावगे काही नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच कलह पुन्हा उसळला तेव्हा तलवारीची जागा धर्मशास्त्राच्या पोथ्यांनी आणि मद्रासच्या गव्हर्नराच्या शेऱ्यांनी घेतली होती. १७८७ साली राजे तुळजाजी यांनी मृत्यूपूर्वी भोसले कुळातील सरफोजी या मुलाला दत्तक घेतले, पण त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरवण्याचा आग्रह धरला आणि पंडितांच्या अनुकूल मताच्या आधारे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांनाच गादीवर बसवले. बालवयातील सरफोजींचा सांभाळ ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केला. पुढे कंपनीने पुन्हा पंडितांची मते मागवली, ती या वेळी उलट निघाली आणि जून १७९८ मध्ये अमरसिंहांना पदच्युत करून सरफोजींना राज्य देण्यात आले. शास्त्र तेच असताना दहा-अकरा वर्षांत निष्कर्ष कसा फिरला, याचे उत्तर पोथ्यांत शोधण्यापेक्षा कंपनीच्या हिशेबात शोधणे बरे, कारण लगेच १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या वाट्याला किल्ला, ठरावीक नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

विजयी पक्षाने दगडावर पुष्कळ लिहून ठेवले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ साली कोरवलेले, बाबुराय यांनी रचलेले भोसले वंशाचे मराठी चरित्र हा अशा लेखनाचा सर्वांत मोठा नमुना होय. किल्ल्यातील चर्चमध्ये शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प दुसरा नमुना असून त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झसमवेत सरफोजी दिसतात. तिसरा नमुना खऱ्या अर्थाने युद्धस्मारक आहे. मल्लिपट्टिणमजवळ पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी सरफोजींनी उभारलेला हा मनोरा षट्कोनी, सुमारे ७५ फूट उंच आणि वर निमुळता होत गेलेला असून त्याभोवती तटबंदी व खंदक आहे. वाटर्लूच्या लढाईचे हे स्मारक, असे सर्रास सांगितले जाते. पण वाटर्लूची लढाई जून १८१५ मधील आहे, तर मनोऱ्यावरील लेखात १८१४ हे साल आहे, त्यामुळे तेथे अभिप्रेत असलेले नेपोलियनचे पतन म्हणजे त्याने त्या वर्षी केलेला पहिला राज्यत्याग हेच धरावे लागते. त्या लेखात सरफोजी स्वतःला इंग्रजांचे मित्र व दोस्त म्हणवतात. स्वतःच्या राज्याचा कारभार हातून गेलेल्या मराठा राजाने परक्या सैन्याच्या, परक्या खंडातील विजयाचा स्तंभ बांधावा, ही गोष्ट त्याच्या विद्वत्तेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही खटकते.

पराभूत अमरसिंहांना २५,००० होनांची, म्हणजे इंग्रजी कागदांतील पागोडा या सोन्याच्या नाण्यांची, वार्षिक नेमणूक मिळाली आणि ते कुंभकोणमच्या ईशान्येस असलेल्या तिरुविडैमरुदूर येथे राहू लागले. मध्यार्जुन हे या क्षेत्राचे संस्कृत नाव. येथील महालिंगस्वामी मंदिराची कथा हत्येच्या पातकाशी जोडलेली आहे: वरगुण पांड्याच्या घोड्याखाली ब्राह्मण मेला, त्याची ब्रह्महत्या पूर्वेच्या दारात थांबून राहिली आणि राजा दुसऱ्या दाराने बाहेर पडून मुक्त झाला, म्हणून भाविकही आल्या दाराने परतत नाहीत. अमरसिंह १८०२ साली वारले, पण त्यांच्या व पुत्र प्रतापसिंहांच्या आश्रयाने येथे एक लहानसा दरबार टिकला. घनम कृष्ण अय्यर यांच्यासारखे गायक तेथे होते.

याच मंदिरात अम्मुनू अम्मणी या भोसले कुळातील स्त्रीची धातूची दीपमूर्ती आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीला पावै विळक्कु म्हणतात: उभी स्त्री, पुढे धरलेल्या ओंजळीत तेलाची उथळ पणती आणि पणतीच्या कडेला वातीसाठी काढलेली चोच. ती पणती मूर्तीचा दागिना नव्हे, तिच्यात खरोखर तेल घालून वात लावायची असते. या परिसरात धातुकामाची परंपरा मोठी आहे. स्वामिमलैचे स्थपती आधी मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. बैठकीवरील १८५३ सालच्या तमिळ लेखानुसार, नात्यातील प्रतापसिंह यांच्याशी विवाह व्हावा म्हणून अम्मणींनी लक्षदीपांचा नवस बोलला होता. तो फळल्यावर त्यांनी लाख दिव्यांपैकी एक म्हणून स्वतःचीच प्रतिमा देवापुढे उभी केली. लेखात गादीचा दावा नाही, कंपनीची स्तुती नाही, आणि भाषाही पूर्वजांची मराठी नसून गावाची तमिळ आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि ज्या गादीसाठी दोन शाखा पंडितांच्या मतांवर भांडल्या होत्या तीच कंपनीने खालसा केली.