गोधडीचे वय आणि गाव

जुन्या वस्तूचा पूर्वेतिहास शोधणे म्हणजे ती कोणी, कोठे व केव्हा तयार केली आणि कोणाकोणाच्या हातून आजच्या घरात आली, याचा पुराव्यानिशी माग काढणे होय. कर्जत-खालापूरच्या घरांत जपलेल्या गोधडीच्या, म्हणजेच वाकळेच्या, बाबतीत हे काम विशेष अवघड ठरते. कारण जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, त्यांवर धावदोरा घालून ती शिवलेली असते, त्यामुळे कापडाचे वय वेगळे, शिवणीचे वेगळे आणि शिवणारीचे नाव बहुधा कोठेच नोंदलेले नसते.

म्हणून पहिला नियम असा, की गोधडी तिच्यातील सर्वांत अलीकडच्या कापडाहून जुनी असू शकत नाही. मात्र मागाहून लावलेली ठिगळे यातून वगळावी लागतात. ठिगळाची सुटलेली कड उचलल्यावर मूळ धावदोऱ्याच्या ओळी त्याखालून अखंड पुढे गेलेल्या दिसल्या, तर ते नंतरच्या डागडुजीचे समजावे. मूळ शिवणीतून निसटलेला एखादा तंतू बाजूला घेऊन जाळला, तर सुती धागा जळक्या कागदासारखा वास देत राख होतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. पॉलिएस्टर तंतूचा शोध १९४१ मधला असल्याने, अशी गुठळी मिळाली की ‘पणजीच्या लग्नातली गोधडी’ ही समजूत पुन्हा तपासावी लागते. रंगाची साक्ष जपून घ्यावी. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. परंतु तिच्यातील आणि वनस्पतिजन्य निळीतील मुख्य रंगद्रव्य एकच असल्याने नुसत्या निळाईवरून काळ ठरत नाही.

गोधडी जिथे सापडली तिथेच शिवली गेली, असेही धरून चालता येत नाही. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आगगाडी आली, १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला, आणि मुंबईचे कापड व घाटावरचा माल या भागातून ये-जा करू लागला. शिवाय सासरी आलेल्या मुलीबरोबर माहेरची गोधडीही येऊ शकते. त्यामुळे घरातील स्त्रियांची माहेरे कोणती, हे विचारणे काठ-पदर तपासण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. जुने कागद धुंडाळतानाही एक ध्यानात ठेवावे, की १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात आहे, पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये.

कापड वय सांगते, पण शिवणारीचे नाव केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असते. ज्यांच्या घरी जुनी गोधडी आहे, त्यांनी ती धुण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि शिवणारीचे नाव, माहेर व सासर कागदावर लिहून तो कागद गोधडीसोबतच ठेवावा.