ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा मेळ

नवी मुंबई वसविण्याकरिता ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे कार्य १९७० पासून सुरू झाले. तरीही पनवेल व उरण तालुक्यांच्या उरलेल्या भागांत आजही भाताचे पीक घेतले जाते, आणि भात, पेंढा व खत यांची ने-आण बहुतांशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच होते. बांधावरची ही गाडी थोड्याच अंतरावर मोठ्या रहदारीच्या रस्त्याला लागते. म्हणून कोणत्या ट्रॅक्टरमागे किती वजनाची ट्रॉली जोडावी, हा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा आहे.

ट्रॅक्टर विकत घेताना पहिली चौकशी अश्वशक्तीची होते, आणि ट्रॉलीचा विचारही त्याच मापाने केला जातो. हा समज अपुरा आहे. ओढणे आणि थांबविणे ही दोन्ही कामे शेवटी ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असतात, आणि ती पकड त्या चाकांवरील वजनावर व जमिनीच्या स्थितीवर ठरते.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, वजन २ टन; पैकी मागील चाकांवर सुमारे १,३०० किलो. मागे चारचाकी ट्रॉली, रिकामी दीड टन, माल साडेतीन टन. एकंदर भार ७ टन झाला. कोरड्या डांबरी रस्त्यावर मागील चाकांची पकड त्यांच्यावरील वजनाच्या सुमारे सात-दशांश, म्हणजे ९०० किलोच्या आसपास धरता येते. दहास एक असा चढ असेल तर चढासाठी ७०० किलो व चाके फिरण्यातील अडथळ्यासाठी सुमारे १४० किलो, असा ८४० किलोचा जोर लागेल. ताशी ५ किलोमीटर वेगाने हा जोर देण्यास जेमतेम १६ अश्वशक्ती पुरतात. म्हणजे इंजिनाची शक्ती निम्म्याहून अधिक शिल्लक असताना पकड मात्र संपत आलेली असते.

ओल्या बांधावर तर पकड तीन-दशांशावर येते, म्हणजे सुमारे ३९० किलो. उलट चिखलातील अडथळा एकूण वजनाच्या दशांशापर्यंत वाढतो. तेथे ७ टनांचा भार सपाटीवरही हलणार नाही. रिकामी ट्रॉली तेवढी निघेल. पावसाळी खाचरात ट्रॉली भरून मग चाकाखाली दगड व फांद्या टाकीत बसण्यापेक्षा माल थोडा थोडा बाहेर आणून पक्क्या रस्त्याच्या कडेला ट्रॉली भरणे श्रेयस्कर.

चढापेक्षा उतार अधिक घातक असतो. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागील चाकांनाच असतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ते मुळीच नसतात. वरील ट्रॅक्टर एकटा असता ताशी २० किलोमीटर वेगातून कोरड्या सपाट रस्त्यावर साडेतीन मीटरांत थांबू शकेल. भरलेल्या ट्रॉलीसह त्यास दहा-अकरा मीटर लागतील, आणि दहास एक अशा उतारावर सुमारे ३२ मीटर. चालकास सावध होण्यास लागणाऱ्या एका सेकंदाचे साडेपाच मीटर यात धरलेले नाहीत. रस्ता ओला असेल तर याच उतारावर पकड पुरत नाही, आणि गाडी थांबतच नाही. हे आकडे ढोबळ आहेत, परंतु त्यांचा रोख स्पष्ट आहे. इंजिनाचा रोधही त्याच मागील चाकांतून येत असल्याने गिअरवर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही. तथापि ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचविण्याचा मोह तर कदापि धरू नये. शेतात वळताना उपयोगी पडणारे डावे व उजवे ब्रेक-पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी एकमेकांस जोडून घ्यावे, नाहीतर एकाच चाकास ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीच्या चाकांना ट्रॅक्टरवरून लावता येणारे ब्रेक बसवून घेणे, हा यावरील खरा उपाय होय.

माल कोणता आहे, यावरही बरेच अवलंबून असते. तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच फळ्यांच्या ट्रॉलीत भात काठोकाठ भरले तर सुमारे १.९ टन होते. तीच ट्रॉली रेतीने भरली तर वजन पाच टनांच्या वर जाते. पेंढा हलका खरा, पण त्याचा उंच मनोरा वळणावर कलंडतो. पाण्याची टाकी अर्धी भरून नेणेही वाईट, कारण ब्रेक लावताच पाणी पुढे धावून ट्रॅक्टरला धक्का देते. शंका असल्यास एकदा वजनकाट्यावर ट्रॅक्टर व ट्रॉली वेगवेगळी तोलून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील दोन-तीन ट्रॉल्यांचे असे वजन करून दाखविल्यास ते व्याख्यानापेक्षा अधिक पटेल.

दुचाकी ट्रॉलीत माल आसाच्या किंचित पुढे अधिक असावा, म्हणजे थोडे वजन हुकावर येऊन मागील चाकांची पकड वाढते. परदेशांत पिकअप गाडीमागे फिरते घर जोडून प्रवास करणारे लोकही त्या घराच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग हुकावर येईल असा बेत करतात. माल मागे साचला तर दांडी ट्रॅक्टरची मागील बाजू उचलू लागते व गाडी डोलते. दांडी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वर, तिसऱ्या सांध्याला जोडल्यास जोराच्या ओढीने पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत मागे उलटू शकतो. एवढ्या अवधीत चालकास क्लच दाबण्यास उसंत मिळत नाही. पिनेला खीळ घालावी आणि जोडीला सुरक्षा-साखळी लावावी. दांडीवर किंवा मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरांना मनाई आहे. त्यांनी जुन्याच रस्त्याने जावे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून स्वतंत्र करावी लागते. तुर्भ्याच्या बाजाराकडे जाणारी वाहने रात्रभर धावत असतात, तेव्हा ट्रॉलीच्या मागे लाल दिवा व चकाकणाऱ्या पट्ट्या असल्याखेरीज संध्याकाळनंतर ती रस्त्यावर काढू नये. पेंढ्याखाली झाकला जाणारा दिवा असून नसल्यासारखाच. तो फळीच्या खालच्या कडेस बसवावा.