शरीरातले परके (भाग 4) : गिळता न येणारा काटा

साधी जखम कशी भरते, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी उचलून नेतात, नवे तंतू विणले जातात आणि काम संपलं की सगळे पांगतात. पण जखमेत काही राहून गेलं असेल तर? बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक, बंदुकीची गोळी, किंवा डॉक्टरांनीच बसवलेला रॉड, डोळ्यातली लेन्स, खुब्याची वाटी?

अशा वेळी काही बिघडलं, की 'शरीराने रॉड रिजेक्ट केला' असं घरोघरी म्हटलं जातं. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. दुसऱ्याची किडनी बसवली तर तिच्या पेशींवरच्या परक्या खुणा ओळखून शरीर तिच्यावर तुटून पडतं. स्टील, टायटॅनियम किंवा प्लास्टिक यांच्यावर अशा खुणाच नसतात. त्यांच्याशी शरीर ज्या रीतीनं वागतं, ती कितीतरी जुनी आहे. कणाही नसलेल्या तारामाशाकडेसुद्धा ती आहे.

ती पहिल्यांदा दिसली तीही एका काट्यामुळेच. 1882 मध्ये इल्या मेचनिकोव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे त्यांच्या कातडीखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला. अळीला रक्तवाहिन्या नसतात, तरी पेशी चालून आल्या होत्या. या भक्षक पेशींवरच्या कामासाठी 1908 साली त्याला पॉल एर्लिच यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या शरीरात काय घडतं ते क्रमानं पाहू. धातूचा तुकडा मांसात शिरल्यावर काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चिकटतात. त्यामुळे आपल्या पेशींना स्टील असं कधी भेटतच नाही, भेटतो तो आकार बिघडलेल्या प्रथिनांचा थर. काही तासांत पहिल्या फळीतल्या पांढऱ्या पेशी येतात आणि दोन-तीन दिवसांत संपतात. मग येतात मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी. जंतू असो वा धुळीचा कण, गिळायचं आणि पचवायचं, हे यांचं काम. कण पेशीपेक्षा लहान असेल तर तो गिळला जातो. मोठा असेल तर अनेक भक्षक पेशी एकमेकींत मिसळून एकच अजस्र, अनेक केंद्रकांची पेशी बनते आणि त्याला बिलगते. त्याहूनही मोठ्या वस्तूपुढे, समजा प्लेटपुढे, तीही हरते. मग ती पृष्ठभागावर चिकटून आम्ल आणि पाचक रसायनं ओतत राहते आणि सोबत तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावणं धाडते. तीन-चार आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजेनचं आवरण तयार होतं. जे पचवता येत नाही ते कोंडून ठेवायचं, असा हा सगळा प्रकार. भक्षक पेशी मात्र तिथून हलत नाहीत. आवरणाच्या आत त्या वर्षानुवर्षं टिकतात.

हे कोंडणं किती पक्कं असतं याचे दाखले अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांच्या देहांतच आहेत. जुलै 1881 मध्ये जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शोधण्यासाठी डॉक्टर आठवडेच्या आठवडे न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालत राहिले. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली तेव्हा ती आवरणात गुंडाळलेली होती. जीव घेतला तो जंतुसंसर्गानं. 1912 साली मिलवॉकीला थिओडोर रुझवेल्ट यांच्या छातीत गोळी शिरली. या वेळी डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली आणि 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तिथेच होती. पण हीच शिशाची गोळी सांध्यात अडकली असती, तर? सांध्यातल्या द्रवात शिसं हळूहळू विरघळतं आणि रक्तात जातं. तिथे गोळी काढावीच लागते.

म्हणजे पदार्थ कोणता एवढाच प्रश्न नाही. तो कुठे आहे, केवढ्या आकाराचा आहे आणि हलतो की स्थिर आहे, हे तितकंच महत्त्वाचं. हॅरोल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती अॅक्रिलिकची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे अॅक्रिलिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्यांनी ते शांतपणे सोसले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. तीन वर्षांनी स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं, की सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण बाहेर काढता येत नाही, कारण हाड थेट त्याला धरून वाढलं आहे. दातांचे आजचे इम्प्लांट यातूनच आले. पण सुरुवातीच्या आठवड्यांत तोच टायटॅनियमचा स्क्रू केसाच्या जाडीहून थोडा अधिक हलत राहिला, तरी हाड त्याला धरत नाही. मध्ये तंतूंचा थर येतो आणि स्क्रू ढिला पडतो. दंतवैद्य त्या बाजूनं चावू नका म्हणून बजावतात ते याचसाठी.

या शास्त्रातला सगळ्यात कठोर धडा मिळाला खुब्याच्या सांध्यातून. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन रुग्णालयातल्या जॉन चार्नली यांनी 1958 पासून खुब्यात टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. टेफ्लॉनला काही चिकटत नाही, रसायनं त्याचं काही बिघडवत नाहीत, तेव्हा शरीरात घालायला याहून निरुपद्रवी काय असणार? सुमारे तीनशे रुग्णांना ते सांधे बसले. वर्षभर, दोन वर्षं सगळे खूश होते. मग दुखणं सुरू झालं. वाट्या झिजल्या होत्या आणि झिजेच्या भुकटीभोवती चिकट, पांढरट गोळे साचून हाड खाल्लं जात होतं. अखंड टेफ्लॉनपुढे शरीर शांत होतं. त्याच टेफ्लॉनची भुकटी भक्षक पेशींना गिळता येत होती, पचवता मात्र येत नव्हती. पोट भरलेल्या या पेशी रासायनिक हाका मारत राहतात आणि त्या हाकांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात.

चार्नली यांनी त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. 1962 साली यंत्रांची दातेरी चाकं विकणारा एक विक्रेता रुग्णालयाच्या कार्यशाळेत जाड पॉलिथिनचा तुकडा देऊन गेला. चार्नलींनी नखानं ओरखडून तो बाजूला टाकला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो घासणाऱ्या यंत्रावर चढवला आणि तीन आठवड्यांनंतरही त्याची झीज नाममात्रच आढळली. तरीही आता चार्नली घाई करायला तयार नव्हते. टेफ्लॉन आणि पॉलिथिन, दोन्हींची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिनच्या जागी जवळजवळ काही नाही. सर्जनच्या या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक होते.

पॉलिथिनही पुढे झिजलंच, फक्त फार सावकाश. पंधरा-वीस वर्षांनी सांधे ढिले पडू लागले, तेव्हा दोष सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटवर ढकलला गेला. मग सिमेंट न वापरलेल्या सांध्यांभोवतीही हाड विरघळताना दिसलं आणि गुन्हेगार तीच सूक्ष्म भुकटी निघाली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिथिनवर किरणांची प्रक्रिया करून ते जास्त चिवट करण्यात आलं आणि झीज खूपच घटली.

ही प्रतिक्रिया नेहमी शत्रूच असते असंही नाही. आपल्याकडे गावोगावी बसवली जाणारी तांबी याच प्रतिक्रियेवर चालते. गर्भाशयात परकी वस्तू असली की पांढऱ्या पेशी जमतात, आतलं वातावरण शुक्राणूंना मारक होतं आणि तांब्याचे आयन त्या परिणामात भर घालतात. हाडाचा मोठा तुकडा गमावलेल्या रुग्णांत फ्रेंच सर्जन मास्केले यांची रीत वापरतात. पोकळीत मुद्दाम सिमेंटचा गोळा ठेवायचा, काही आठवड्यांत त्याभोवती आवरण येऊ द्यायचं, मग गोळा काढून त्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पिशवीत हाडाचा चुरा भरायचा.

आता परत त्या 'रिजेक्ट'कडे येते. रॉडच्या जागी पू आला, जखम वाहू लागली, तर तो जवळजवळ नेहमी जंतुसंसर्ग असतो. 1957 मधला एक प्रयोग पाहा. स्वयंसेवकांच्या कातडीत पू व्हायला स्टॅफिलोकॉकस जंतू लाखोंनी टोचावे लागत. तिथेच रेशमी टाक्याचा धागा असला, तर सुमारे दहा हजारपट कमी जंतू पुरत. परक्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि थकलेल्या भक्षक पेशी त्यांना मारू शकत नाहीत. 'शरीरानेच नाकारलं' म्हटलं, की दोष रुग्णाच्या नशिबावर जातो आणि तपासणी तिथेच थांबते. संसर्ग म्हटलं तर जंतू शोधता येतो, त्याच्यावर इलाज करता येतो. प्लेट बसवल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी दुखू लागलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर घरी थांबू नका.

आणि एक काम आजच करा. ऑगस्ट 2010 मध्ये धातूवर धातू घासणारा एएसआर हा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला गेला. त्याच्या झिजेतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जात होतं, आसपासचं मांस खराब होत होतं. भारतात असे सुमारे 4,700 सांधे बसवले गेले होते, आणि त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पुढे पत्ताच लागला नाही. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या वेष्टनावरचं स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावतात. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांक असतो. आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या फाइलमध्ये ते आहे का, बघा. नसेल तर रुग्णालयात जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे. मिळालं की त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.